दोन खोट्यांची रीत

फ्रेंचव्हिल
रविवार, ७ फेब्रुवारी १९९९

सगळ्यात आधी आला तो रेनॉल्ड बुशार, आणि तोही अर्धा तास आधी. माझा तवा अजून तापायचा होता. लाकडाच्या ट्रकवर तीस वर्षं काढलेला माणूस, पाठ गेली म्हणून आता घरी. दारात बूट काढायला वाकला तर त्याला सरळ करायला मीच गेले. "मेमेर, पीठ कालवलंय ना? नाहीतर मी गणिताला हात लावणार नाही," म्हणाला. पहिली चार प्लोय, आपली कुट्टूच्या पिठाची धिरडी, त्यानं उभ्या उभ्याच संपवली, लोणी आणि काकवी लावून. मग आली टॅमी, कडेवर पोरगी आणि काखेत पुस्तक. ती जिल्ह्याच्या खालच्या बाजूची, इंग्रजांची, तव्यावरचं प्लोय उलटायलाच निघाली. रेनॉल्डनं तिचा हात धरला. मी म्हटलं, असू दे, तिला कोणी सांगितलंच नसेल की हे एकाच अंगानं भाजायचं असतं. सगळ्यात शेवटी आली माझी मोनिक, आणि ती तर याच घरात राहते.

जर्मेन, तू म्हणशील, सत्तावीस वर्षांनी बहीण पत्र लिहितेय आणि सुरुवात काय तर रेनॉल्डचे बूट. मी चार वेळा दुसऱ्या तऱ्हेनं सुरू करून बघितलं. चारही कागद चुलीत गेले. तुझा पत्ता ओरियाकडून घेतला. चुलतबहीण आपली ऐंशीला टेकली तरी अजून साऱ्या गावाच्या खबरा फोनवर पोचवते. तिनं विचारलं कशाला हवाय, मी म्हटलं गणितासाठी. ती गप्प झाली. ओरिया गप्प झालेली मी पहिल्यांदाच ऐकली.

तर मी कॉलेजात जाते. बसली असशील तर बसूनच राहा.

मोनिक म्हणजे माझ्या लिओची मुलगी, तू गेलीस तेव्हा जन्मलेलीसुद्धा नव्हती, आता एकवीस वर्षांची आहे. तिला नर्स व्हायचंय. नर्सिंगला घेण्याआधी तिथं बीजगणिताचा पहिला कोर्स पास झालेला लागतो आणि ही बिचारी दोनदा नापास. तिसरी खेप शेवटची. ती हुकली की नर्सिंगचं दार कायमचं बंद. डिसेंबरात ती माझ्या टेबलावर डोकं ठेवून रडत होती, तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलून गेले, रडू नकोस, मी येते तुझ्यासोबत. वाटलं, हसेल. तर हिनं जाऊन चौकशी केली. पासष्टीच्या पुढच्यांना फी नाही आणि वर्गात एक खुर्ची रिकामी होती. पाचवीतून शाळा सोडलेली मी बहात्तराव्या वर्षी पाठीला पिशवी अडकवून तासाभराच्या वाटेवरच्या कॉलेजात जाते, मंगळवारी आणि गुरुवारी, बर्फ असो नसो.

पहिल्या दिवशी मी इतकी हबकले की टोपी काढायचं विसरले. मास्तर म्हणजे एकतीस वर्षांचं पोर. हॅस्केल नाव, गळ्यात टाय आणि पायात बर्फाचे बूट. त्यानं फळ्यावर क्ष लिहिला आणि म्हणाला, हा एक आकडा आहे, कोणता ते आपल्याला माहीत नाही. मी मोनिकच्या कानात म्हटलं, याला माहीत नाही तर हा शिकवणार काय. तुला आठवतं ना, बटाटे वेचायच्या दिवसांत प्रत्येकाला आकडा असायचा, पिंप भरलं की आपल्या आकड्याची चिठ्ठी वर खोचायची. तू सदतीस, मी अडतीस. तिथं माणसासाठी आकडा होता, इथं आकड्यासाठी अक्षर. सगळं उलटंच. मग मास्तरांनी विचारलं, शून्याच्या खाली काय असतं? मी म्हटलं, जानेवारी. अख्खा वर्ग हसला, मास्तरही हसले, आणि तेव्हापासून सगळे मला आजीसारखं मेमेर म्हणतात, मास्तर सोडून. ते मिसेस थिबोडो म्हणतात.

आता खरी गोष्ट. गेल्या गुरुवारी पहिली चाचणी झाली, दहा गणितं, आणि मी ती आपल्या वडिलांच्या, पापांच्या रीतीनं सोडवली. बटाटाघरात पिंपावर बसून ते शिकवायचे ती. ढीग आणि ढिगाचा चौथा हिस्सा मिळून पंधरा पिंपं, तर ढीग केवढा? "आधी एक खोटं धर," म्हणायचे. धर चार. चार आणि एक पाच. हवेत पंधरा, म्हणजे तिप्पट. मग खोटंही तिप्पट कर. बारा. खोट्याला घाबरायचं नाही, ते किती चुकलं तेवढं बघायचं. मास्तरांच्या पुस्तकात हीच गणितं आहेत, पण तिथं ती सोडवायला पाऊण पान लागतं. मी मोनिकला आणि वर्गातल्या रेनॉल्डला, टॅमीला माझ्या टेबलावर तीच रीत शिकवली. कोणाला शिकवण्यात इतका आनंद असतो हे मला माहीत नव्हतं. तुला असणार. तुला तर शिक्षिकाच व्हायचं होतं.

आई गेली त्या वेळचं काही मी इथं काढत नाही. त्या वर्षी टपाल उशिरा पोचलं ते पोचलं, त्याला मी काय करणार, हे मी तेव्हाच सांगितलं होतं.

थंडीत जप.

रोझिल्डा


फ्रेंचव्हिल
रविवार, १४ मार्च

जर्मेन,

तुझं उत्तर नाही. नसू दे. पण हे पत्र वाचल्याशिवाय फाडू नकोस, यात मोनिकचं सगळं अडकलंय.

गुरुवारी तास संपल्यावर मास्तरांनी आम्हा दोघींना थांबवलं. त्यांची खोली म्हणजे आपल्या कोंबड्यांच्या खुराड्याएवढी, आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसलो. त्यांनी टेबलावर दोन पेपर शेजारी शेजारी ठेवले, एक माझा, एक मोनिकचा. मला वाटलं शाबासकी. मी पिशवीतून त्यांच्यासाठी आणलेला डुकराच्या खिम्याच्या क्रेटॉनचा डबासुद्धा काढला.

ते म्हणाले, "मिसेस थिबोडो, दोन पेपर, दोन्ही मिळून वीस गणितं, वीसच्या वीस बरोबर. आणि एकाही गणिताला एकही पायरी नाही. नुसती उत्तरं. तुम्ही माझ्या जागी असता तर काय समजला असता?"

मी म्हटलं, "समजले असते की या दोघी एकाच घरच्या आहेत."

ते हसले नाहीत. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, जर्मेन. त्या पोराला वाटत होतं की आम्ही चोरी केली. उत्तरं कुठून तरी पळवली, किंवा मी मोनिकची बघितली, किंवा तिनं माझी. मी आयुष्यात दुसऱ्याच्या पिंपावरची चिठ्ठीसुद्धा कधी सरकवली नाही. क्रेटॉनचा डबा हातातच.

पायऱ्या का नाहीत, हे त्यांना कसं सांगू? तुला सांगावं लागणार नाही. शाळेत फ्रेंच शब्द तोंडातून निघाला की फळ्यावर शंभर ओळी, मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही, मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही. आकडे तर आपल्याला फ्रेंचमध्येच मोजता यायचे. म्हणून आपण ओठ घट्ट मिटून आतल्या आत मोजायचो आणि पाटीवर इंग्रजीत नुसतं उत्तर मांडायचो. कसं आलं म्हणून बाईंनी विचारलं तर माहीत नाही म्हणायचो. पायऱ्या दाखवणं म्हणजे पकडलं जाणं. ती सवय माझ्या हाडात गेली आणि आता मी ती माझ्या नातीलाही दिली. मला ते त्या खुराड्यात बसून समजलं, साठ वर्षांनी.

हे सगळं मी त्यांना सांगितलं, जमेल तसं, अर्धं इंग्रजी अर्धं काहीतरी. ते ऐकत राहिले. माणूस वाईट नाही. त्यांचे वडील खालच्या बाजूला बटाटेच पिकवायचे, पण ते इंग्रज, त्यांना कोणी ओळी लिहायला लावल्या नसणार. शेवटी म्हणाले, ठीक आहे, मंगळवारी तीस तारखेला दोघींनी एकेकटीनं फळ्यापाशी यायचं, मी समोर गणित देईन, पायऱ्या माझ्यासमोर मांडायच्या. जमलं तर हा विषय संपला. नाही जमलं तर मला वर कळवावं लागेल.

वर कळवलं की मोनिक गेली.

गाडी तिनं अर्ध्या वाटेपर्यंत आणली. मग समोर बघत म्हणाली, "मेमेर, तू आली नसतीस तर मी निदान माझ्याच चुकांनी नापास झाले असते."

पुढं ती रडली, गाडी बाजूला घेतली, मला मिठीही मारली. पण बोलली ते बोलली, आणि खोटं नव्हतं.

आता अडचण ऐक. फळ्यावरची गणितं नव्या धड्यातली असणार, आणि नव्या धड्यात क्ष दोन्ही बाजूंना आहे. पाच पोत्यांतून चार पौंड काढले, तीन पोत्यांत बारा पौंड घातले, आता दोन्ही वजनं सारखी, तर एक पोतं केवढं? मी एक खोटं धरते, ते चुकतं, तिप्पट करते, आणखीच चुकतं. एका खोट्यानं इथं भागत नाही. पापांना हे येत होतं, मला पक्कं आठवतं. अशा वेळी ते दोन खोटी धरायचे. पण ते त्यांनी तुला शिकवलं, थोरली म्हणून. त्याच संध्याकाळी आईनं मला प्लोय भाजायला आत बोलावलं. भिंतीपलीकडून तुमचा आवाज येत होता, आणि तू हसलीस, तुला आलं होतं म्हणून. पन्नासाहून जास्त वर्षं झाली, अजून तो तवा डोळ्यासमोर आहे.

दोन खोट्यांची रीत कशी होती, जर्मेन? तेवढं लिही. बाकी काही लिहू नकोस.

रोझिल्डा


फ्रेंचव्हिल
ईस्टरच्या आदला शनिवार, ३ एप्रिल

जर्मेन,

तुझं कार्ड सव्वीस तारखेला आलं. डब्यातून काढलं तेव्हा मला वाटलं विजेचं बिल आहे. अक्षर बघितलं आणि मी बर्फातच उभी राहिले, चपलांवर, शेजारची कुत्री येऊन माझे पाय हुंगून गेली तरी मी तिथंच. मागं ना नाव, ना प्रिय, ना सही. नुसतं:

५ धरलं. २१ आणि २७. सहा कमी.
६ धरलं. २६ आणि ३०. चार कमी.
एका पावलाला दोन कमी झाले. चार उरले. अजून दोन पावलं.
८.

मी ते टेबलावर ठेवलं आणि बघत बसले. इतकं सोपं. दोन्ही खोटी एकमेकांशेजारी ठेवायची, आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाताना चूक किती आटली ते बघायचं, की खरं कुठं आहे ते तीच सांगते. एकट्या खोट्याला हे सांगता येत नाही. पन्नास वर्षं मला वाटत होतं तुम्ही दोघं भिंतीपलीकडे काहीतरी अगाध करत होतात.

आणि तू पायऱ्या दाखवल्यास. तूच ती जी बाईंसमोर सगळ्यात घट्ट ओठ मिटायचीस.

मंगळवारी रेनॉल्ड आणि टॅमी आपण होऊन बाहेर बाकावर येऊन बसले होते. रेनॉल्ड म्हणाला, "मेमेर, घाबरू नका, तुरुंगात टाकलं तर मी प्लोय आणून देईन." टॅमी म्हणाली, याला भाजता कुठं येतात.

आधी मोनिकला बोलावलं. मी दाराच्या काचेतून बघत होते, आणि माझा आ वासलेला तसाच राहिला. तिनं खोटं धरलंच नाही. तिनं पुस्तकाची रीत मांडली, क्ष इकडचे तिकडे नेले, खाली खाली ओळ, प्रत्येक ओळ बरोबर, खडू एकदाही अडला नाही. मला वाटत होतं हिला माझ्याशिवाय काही येत नाही. ती रोज दुपारी गाडीत बसून एकटीनं पुस्तक करत होती, आणि मला वाईट वाटेल म्हणून बोलली नव्हती. बाहेर आल्यावर मी विचारलं, अगं, माझी रीत काय वाईट होती?

"वाईट नाही गं मेमेर," म्हणाली. "पण पेशंटचं औषध मोजताना मी आधी एक खोटं धरून कसं चालेल?"

रेनॉल्ड इतका हसला की त्याची पाठ धरली.

मग मी. मास्तरांनी गणित लिहिलं, क्ष दोन्ही बाजूंना. खडू हातात घेतला आणि डोक्यात काही नाही, पांढरं. इंग्रजी आकडा एक आठवेना. मास्तर म्हणाले, घाई नाही. तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून ओठ उघडले आणि मोठ्यानं मोजायला लागले, फ्रेंचमध्ये, शाळेच्या फळ्यासमोर. मान आपोआप खाली गेली, कोणी मारेल म्हणून. कोणी मारलं नाही. धरलं एक, अठरा कमी. धरलं दोन, पंधरा कमी. एका पावलाला तीन. पंधरा उरले, अजून पाच पावलं. सात. सगळं लिहिलं, एकाखाली एक, तुझ्या कार्डासारखं.

मागं वळले तर मास्तर रेडिएटरवर टेकून बसले होते. टायचं टोक तोंडात होतं. मला म्हणाले, पुन्हा करा. दुसरं गणित दिलं. पुन्हा केलं. मग त्यांनी स्वतः खडू घेतला आणि आपल्या पद्धतीनं दोन फळे भरले, ही रीत चुकू का शकत नाही ते शोधायला, आणि शेवटी हात झटकून म्हणाले, "मिसेस थिबोडो, ही कोणी शिकवली?"

मी म्हटलं, "माझ्या बहिणीनं."

ते म्हणाले, पुस्तकात नाही पण चूकही नाही, पुढं फक्त पायऱ्या मांडत जा. विषय संपला. क्रेटॉनचा डबा या वेळी त्यांनी घेतला.

जर्मेन, तू तुझ्या पायऱ्या दाखवल्यास. आता मी दाखवते. उत्तर तुला माहीतच आहे, मी फक्त मधलं लिहिते.

टपाल उशिरा झालं नव्हतं.

तू विचारलं होतंस, आईला बरं नाही म्हणतात, येऊ का. मी सोमवारी लिहिलं, आई बरी आहे, घाई नको, बटाटे निघाले की ये. ती बरी नव्हती. शनिवारपासूनच पाणी चमच्यानं पाजत होते. तिला माणूस ओळखू येईना आणि ती मला जर्मेन म्हणायला लागली होती. मी अंग पुसायचे आणि ती म्हणायची, जर्मेन, हात किती गार तुझे. केस विंचरायचे तर म्हणायची, जर्मेनसारखं कोणी विंचरत नाही. मी एकदाही म्हटलं नाही की आई, मी रोझिल्डा. आधी तिला त्रास नको म्हणून. नंतर, लाज वाटते लिहायला, नंतर मला ते आवडायला लागलं. ती तुझ्याशी जशी बोलायची तशी माझ्याशी कधीच बोलली नव्हती. तू आली असतीस तर तिला खरी जर्मेन मिळाली असती, आणि मी पुन्हा तव्यापाशी.

हे पहिलं खोटं. दुसरं थडग्यापाशी. आई गेल्यावर तू एक दिवस उशिरा पोचलीस आणि सगळ्यांसमोर विचारलंस, तू मला असं का लिहिलंस, तेव्हा मी म्हटलं, नंतर दुसरं पत्र टाकलं होतं, टपालात अडकलं असेल. दुसरं पत्र नव्हतंच. तू जेवायलासुद्धा थांबली नाहीस. नवरा माझा, अडेलार, मरेपर्यंत टपालखात्याला शिव्या देत होता आणि मी त्याला वाढत होते.

झालं. फाडायचं तर आता फाड.

रोझिल्डा


फ्रेंचव्हिल
रविवार, १६ मे

जर्मेन,

सगळ्यात आधी आला तो रेनॉल्ड, सवयीनं, खरं तर कोर्स संपला आणि निकालही लागला. मोनिकला बी श्रेणी. सप्टेंबरपासून नर्सिंग. तिनं निकालाचा कागद फ्रिजवर लावलाय, येता जाता मी त्याला हात लावते. मला सी, कारण आलेख मला काही केल्या जमले नाहीत आणि दोन ठिकाणी मी पायऱ्या विसरले. टॅमी काठावर पास, तीही पोरीला घेऊन आलीय. रेनॉल्ड म्हणतो तो पुढचाही कोर्स घेणार, मी तवा चालू ठेवला तर.

त्याच्या मागं अंगणात एक निळी गाडी येऊन थांबली, बाहेरगावची. रेनॉल्ड खिडकीतून म्हणाला, "मेमेर, तुमच्याकडे लोक आलेत, आणि बाई हुबेहूब तुम्ही आहात, फक्त चांगले कपडे घातलेल्या." मी बघितलं, आणि ती हनुवटी ओळखली. क्लॉडेट. तुझी क्लॉडेट, जिला मी शेवटची बघितली ती आईच्या थडग्यापाशी, पंधरा वर्षांची, तुझ्या बाहीला धरून. आता तिचे केस पांढरे व्हायला लागलेत. आणि तिचा नवरा वॉल्टर, लांबच्या लांब माणूस, माझ्या दाराच्या चौकटीला डोकं आपटून आत आला.

मी तवा तापवला. दुसरं काय करतात मला माहीत नाही. पीठ ओतलं, आणि क्लॉडेटनं पर्समधून तुझं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. म्हणाली, आईनं टपालानं पाठवायला नको म्हटलं.

तू काय लिहिलंस ते तुला ठाऊक आहे, पण मी ते इथं पुन्हा लिहिते. माझ्या अक्षरात बघितल्याशिवाय मला ते खरं वाटत नाही.

"रोझिल्डा, तुझ्या पायऱ्या वाचल्या. आता माझ्या. तुझं पत्र बुधवारी मिळालं. गुरुवारी सकाळी ओरियाचा फोन आला की आई जातेय, आत्ता निघ. मी हार्टफर्डच्या बसस्टँडवर गेले, तिकीट काढलं आणि बाकावर बसले. पहिली बस सुटली. दुसरी सुटली. मला आईला तसं बघायचं नव्हतं. घरी आले आणि तुझं पत्र पुन्हा काढलं, त्यात ती बरी आहे असं लिहिलं होतं. मला ते फार सोयीचं पडलं. त्याच्यावर मी सत्तावीस वर्षं काढली."

मी वाचलं. पुन्हा वाचलं. तव्यावरचं प्लोय कोळसा झालं, धूर झाला, वॉल्टरनं उठून गॅस बंद केला आणि खिडकी उघडली, आणि परत येताना त्याच चौकटीला डोकं आपटलं.

गुरुवारी, जर्मेन. आई गेली रविवारी. तीन दिवस. तू आरामात पोचली असतीस, आणि ती शनिवारी दुपारपर्यंत बोलत होती.

खरं सांगते, आधी राग आला. इतका की कानात घूं घूं आवाज. सत्तावीस वर्षं मी दर सप्टेंबरात थडग्यावर गेले की आधी तुझी माफी मागायचे आणि मग आईची. पाद्रीबाबांसमोर कबुली दिली ती किती वेळा, त्यांना पाठ झाली असेल. आणि तू थडग्यापाशी उभी राहून सगळ्यांसमोर मला विचारलंस, आणि तुझ्या खिशात तिकीट होतं. ओरियालाही सगळं माहीत होतं. म्हणून ती फोनवर गप्प झाली. गावभर खबरा पोचवणाऱ्या त्या बाईनं ही एवढीच एक खबर पोटात ठेवली.

मी पाकीट टेबलावर आपटलं. टॅमीची पोरगी दचकून रडायला लागली. क्लॉडेट उठली नाही. ती म्हणाली, "मावशी, आई म्हणाली तुम्ही चिडाल. म्हणाली, चिडू दे तिला, मध्ये बोलू नका. पण जेवल्याशिवाय परत येऊ नका."

जेवल्याशिवाय. तेव्हा मला तुझी ती पाठमोरी गाडी आठवली, आणि ओसरीवर लावलेली टेबलं, चाळीस माणसांचा स्वयंपाक, आणि तुझी रिकामी खुर्ची, जी मीच भिंतीकडे वळवून ठेवली होती.

मी तवा घासला. जळका तवा घासायला वेळ लागतो, तेवढा वेळ मला बरा पडला. पुन्हा पीठ ओतलं. मोनिकनं कोंबडीचा रस्सा गरम केला. वॉल्टरनं नऊ प्लोय खाल्ली, रेनॉल्डनं त्याला मान दिला आणि आठावर थांबला. क्लॉडेट खाताना काठ आधी तोडते, तुझ्यासारखी. मी तिला विचारलं, तुझ्या आईला अजून प्लोय कोणी करून देतं का. म्हणाली, ती स्वतःच करते, पण म्हणते रोझिल्डासारखी होत नाहीत. भिंतीपलीकडून मला कोणी हे सांगितलं नव्हतं.

तुझं कमरेचं दुखणं, तुला गाडीत फार वेळ बसवत नाही, हे सगळं तिनं सांगितलं. मी अजून चिडलेलीच आहे, हे लिहितानाही. तुझ्याशी भांडायचं आहे मला, जर्मेन, समोरासमोर, मोठ्यानं आणि फ्रेंचमध्ये, आणि ते कागदावर होणार नाही.

निघताना क्लॉडेट पायरीवर उभी राहिली. म्हणाली, महिनाअखेर आम्ही पुन्हा येऊ, थडगी सजवायच्या सुट्टीला, वाटेत दोन ठिकाणी मुक्काम करत, सावकाश. मी मोनिकला म्हटलं, कॅलेंडरवर खूण कर. तिनं विचारलं, मेमेर, किती माणसांचं करायचं? मी क्लॉडेटकडे बघितलं. ती खाली बघत हातमोजे घालत होती. म्हणाली, गाडीत या वेळी आम्ही तिघं असू.

शनिवार, २९ मे, दुपारच्या जेवणाला.